फेसावर भुलू नका: ड्राय स्पार्कलिंग वाइनची पारख कशी करावी

सोलापुरात स्पार्कलिंग वाइनची बाटली बहुधा उडवायलाच आणली जाते. वाढदिवस असो, नवी गाडी असो की निवडणुकीचा निकाल. बाटली खळाखळा हलवायची, बूच छताला, निम्मी वाइन फरशीवर आणि उरलेली कागदी कपात. मग कुणीतरी तोंड वाकडं करून म्हणतो, "काही नाही ओ, आंबट सोडा आहे." निकाल खराही असेल, पण तो लावायची ही रीत नव्हे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बुचाचा आवाज, ग्लासातले बुडबुडे आणि बाटलीचा थाट या तीन गोष्टींना लोक सर्वांत जास्त गुण देतात, आणि वाइनच्या दर्जाशी त्यांचाच संबंध सर्वांत कमी. ड्राय, म्हणजे गोडी जवळजवळ न जाणवणाऱ्या, स्पार्कलिंगमध्ये पाहायचा तो आंबटपणा, आणि घोट गिळल्यावर तोंडात काय उरतं ते. आपल्या जिल्ह्यात हे शिकणं अवघड जाऊ नये. इथला द्राक्षबागायतदार हंगामात रोज मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतो, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघतो आणि तोडणी आज की चार दिवसांनी ते ठरवतो. आंबट-गोडाचा हिशेब त्याच्या जिभेवर असतोच.

आधी दुकानात

लेबलवरचे शब्द नीट वाचा, कारण ते फसवे आहेत. युरोपातल्या नियमांप्रमाणे 'ब्रूट नेचर' म्हणजे लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर आणि तीही वरून घातलेली नाही. 'एक्स्ट्रा ब्रूट' ६ ग्रॅमपर्यंत, 'ब्रूट' १२ ग्रॅमच्या आत. 'एक्स्ट्रा ड्राय' मात्र १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड. 'सेक' १७ ते ३२ आणि 'डेमी-सेक' ३२ ते ५०. आपल्याकडचे उत्पादकही हेच शब्द वापरतात. काउंटरवरचा पोरगा मोठ्या विश्वासाने सांगतो, "मालक, एक्स्ट्रा ड्राय घ्या, एकदम कडक." त्याच्यावर रागावू नका, पण कोरडी हवी असेल तर ब्रूट किंवा एक्स्ट्रा ब्रूटच मागा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पद्धत. स्पार्कलिंग वाइनला फेस येतो तो दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. आधी साधी, फेस नसलेली वाइन करतात, मग तिच्यात साखर आणि यीस्ट घालून पुन्हा आंबवतात आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आतच कोंडून ठेवतात. पारंपरिक पद्धतीत हे सगळं त्याच बाटलीत होतं. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घातली की सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो. यीस्ट मरून तळाशी बसतं, वाइन त्या गाळावर कित्येक महिने पडून राहते, मग बाटली उलटी करत करत गाळ तोंडाशी आणतात, तो गोठवून उडवतात आणि थोडी साखर-वाइन घालून कायमचं बूच लावतात. शॅम्पेन प्रांतात ही वाइन विक्रीला काढण्याआधी किमान १५ महिने बाटलीत ठेवावी लागते, एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. स्पेनच्या कावाला किमान नऊ महिने गाळावर ठेवतात. इटलीतली प्रोसेको मात्र बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत आंबवतात. ती स्वस्त पडते आणि फळाचा ताजेपणा जास्त राहतो, पण पावाचा, भाजल्याचा वास फारसा येत नाही. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असं नाही. टाकीतल्या वाइनमध्ये पाव शोधत बसणं मात्र चूक.

महाराष्ट्रात या वाइनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांच्या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन 'ओमर खय्याम' नावाची स्पार्कलिंग काढली आणि परदेशात विकलीही. आज नाशिककडे सुला, यॉर्क आणि दिंडोरीला शांदों आहे. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रतेली आहे, मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचं सेच्ची अशा तीन कुटुंबांनी मिळून उभी केलेली. त्यांची ब्रूटही मिळते. सुरुवात करायला एक नाशिकची, एक अकलूजची आणि जमल्यास एक कावा किंवा प्रोसेको अशा तीन ब्रूट बाटल्या पुरेत. बाहेरच्या बाटल्या इथे सहज दिसत नाहीत, तेव्हा परवाना काढून ठेवा आणि पुण्याकडून येणाऱ्या पाहुण्याला आठवण करा.

दुकानात बाटली कुठे ठेवली होती हे ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ ला टेकतो. काचेच्या शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली, दोन उन्हाळे उभी असलेली बाटली कितीही नावाजलेली असली तरी घेऊ नका. उष्णतेने फळाचा ताजेपणा जातो, आणि प्रकाशाने, विशेषतः पांढऱ्या काचेच्या गुलाबी वाइनमध्ये, उकडलेल्या कोबीचा वास धरतो. आतल्या खोक्यातली बाटली मागा. लेबलवरची बाटलीत भरल्याची तारीख बघा, जितकी अलीकडची तितकं बरं. आणि घरी नेताना बाटली डिकीत ठेवून बाजारहाट करत फिरू नका. आतला दाब कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो आणि तापला की तो आणखी चढतो.

जीभ आधी तयार करा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग साखर किती ते त्यांना कधीच कळत नाही. किचनमधला डिजिटल काटा घ्या. एकेक लिटर पिण्याच्या पाण्याच्या तीन बाटल्यांत अनुक्रमे ५, १० आणि ३० ग्रॅम साखर विरघळवा आणि चाखा. पाच ग्रॅम जवळजवळ कळत नाही, दहा कळते, तीस सरळ गोड लागते. आता तिन्हींत सारखाच, चांगला आंबट लागेल इतका लिंबाचा रस घाला आणि पुन्हा चाखा. कैरीच्या पन्ह्यात गूळ वाढवत गेलं की कैरी लपत जाते, नेमकं तेच इथे होतं: दहा ग्रॅमची गोडी आता गोड म्हणून लागतच नाही, फक्त आंबटपणाची धार बोथट होते. ब्रूटमध्ये साखर हेच काम करते. ती गोडीसाठी घातलेली नसते, आंबटपणाला लगाम घालायला असते. म्हणूनच काही उत्पादक कच्च्या, उथळ वाइनवर साखरेचं पांघरूण घालतात, आणि ते ओळखणं हे पारख करणाऱ्याचं पहिलं काम.

वेळ निवडताना जेवणाच्या आधीची निवडा, सकाळी अकराच्या सुमाराची किंवा संध्याकाळची. पान, तंबाखू, बडीशेप, मिंट त्याआधी तासभर तरी बंद. खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, टेबलावर मोगऱ्याचा गजरा तर नकोच. शेजारी फोडणी बसत असेल तर खिडकी लावून घ्या. लसणाच्या फोडणीपुढे फ्रान्सचं काही चालत नाही.

थंड करणं

पारखायला ८ ते १० अंश सेल्सिअस योग्य. त्याहून फार गार केली की वास दबतो आणि वाइनचे दोषही लपतात. स्वस्त वाइन नेहमी बर्फगार का देतात ते यावरून समजा. फार कोमट झाली की बूच सुटताना फेस उसळतो आणि तोंडात नुसता वायू टोचतो.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार तास बाटली ठेवली की काम होतं. घाई असेल तर बादली घ्या, अर्धी बर्फाने भरा, बुडण्याइतकं पाणी घाला, मूठभर खडेमीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत त्यात उतरवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवली तर बाटलीला बर्फाचे खडे तेवढ्यापुरते टेकतात, पाण्यात ती सगळीकडून गार होते. फ्रीझरमध्ये विसरली तर गोठून फुटू शकते. आपल्या उन्हाळ्यात ग्लासातली वाइन दहा मिनिटांत पंधरा अंशांच्या वर जाते, म्हणून एका वेळी दोन बोटंच ओता आणि बाटली पुन्हा बादलीत ठेवा. हे चाखणं खरं तर डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास करावं. तेव्हा हवाच अर्धं काम करते.

ग्लास आणि सोलापुरी टॉवेल

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेक गैरसमज इथेच जन्मतात.

वाइनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आपोआप बुडबुडा होत नाही. त्याला सुरुवात करायला आधीच हवेचा एक सूक्ष्म कप्पा लागतो. तो मिळतो ग्लासाच्या आत चिकटलेल्या धाग्यात. फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं की बुडबुड्यांच्या माळा बहुतेक वेळा काचेच्या चऱ्यातून निघत नाहीत, त्या निघतात हवेतून किंवा पुसायच्या फडक्यातून आलेल्या सेल्युलोजच्या पोकळ तंतूंतून. तंतूत अडकलेल्या हवेत वायू शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटतो आणि पुढचा तयार होतो. पूर्ण निर्मळ ग्लासात तीच वाइन जवळजवळ निपचित दिसते. एका ग्लासातून सुमारे दहा लाख बुडबुडे निघतात, असा त्यांचा अंदाज आहे.

आणि कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोजच. म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या सोलापुरी टर्किश टॉवेलने एक ग्लास आतून खसाखसा पुसा, दुसरा नुसता निथळू द्या, आणि एकाच बाटलीतली वाइन दोन्हींत ओता. पहिल्यात दहा-वीस माळा नाचतील, दुसऱ्यात दोन-तीन. पाहुण्यांना विचारा भारी वाइन कुठली, सगळे पहिल्याकडे बोट दाखवतील. ज्यांना बुडबुडे मोजून दर्जा सांगायची सवय आहे त्यांना हा प्रयोग आवर्जून दाखवा. काही कंपन्या ग्लासाच्या तळाला मुद्दाम लेझरने खुणा करतात, तीही हीच युक्ती.

तर पारखायला सगळे ग्लास एकाच तऱ्हेने धुतलेले हवेत. साबण अगदी कमी, कारण साबणाचा थर राहिला तर फेस बसतो आणि वास तर बिघडतोच. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्याने करा. नळाला पाणी येईल त्याच दिवशी ग्लास धुऊन, कपड्यावर उलटे न ठेवता स्टँडवर निथळत ठेवलेले बरे.

आकाराबद्दल थोडक्यात: उंच अरुंद फ्लूटमध्ये बुडबुडे छान दिसतात पण नाक आत जात नाही, पसरट बशीसारख्या ग्लासात वायू भसकन उडतो. मध्ये फुगीर आणि तोंडाशी निमुळता, साध्या व्हाइट वाइनचा ग्लास चांगला. स्टीलचा पेला नको.

बाटली उघडणं

बाटली कोरडी पुसा. वरची पन्नी काढा. तारेच्या जाळीचं कान सहा अर्धे फेरे उलटे फिरवलं की जाळी सैल होते. त्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. जाळी काढूही नका, ती बुचासकट धरा. टॉवेल इथे वापरा, बूच आणि जाळी दोन्ही त्यात नीट पकडली जातात. बाटली पंचेचाळीस अंशांत कलती धरा, तोंड भिंतीकडे, माणसांकडे कधीच नाही, कारण उडालेल्या बुचाने डोळा जातो. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. ते वर येऊ लागलं की उलट दाबून धरा आणि हळूहळू येऊ द्या. 'फुस्स' असा बारीक आवाज झाला की तुम्हाला जमलं. धडाम् आवाजाने टाळ्या मिळतात, पण वायू आणि वाइन दोन्ही वाया जातात.

निघालेलं बूच टाकू नका. खालचा भाग लगेच फुगून छत्रीसारखा झाला तर ते बाटलीत फार वर्षं नव्हतं. सरळ, आवळलेलंच राहिलं तर बाटली बरीच जुनी असण्याची शक्यता, आणि मग वासात थकवा आहे का ते जास्त लक्ष देऊन बघायचं. बूच हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर बुचातल्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या रसायनाने वाइन बिघडलेली असू शकते. तशी असली तर ती हवेत ठेवून सुधारत नाही, परत करायची.

ओतताना ग्लास कलता धरून बिअरसारखी कडेने ओता. हॉटेलात उभ्या ग्लासात मधोमध ओततात ते दिसायला डौलदार, पण रॅंसच्याच संशोधकांनी २०१० मध्ये मोजून दाखवलं की कडेने ओतलं की विरघळलेला वायू जास्त टिकतो. ७५० मिलीच्या बाटलीतून पारखायला साठ-सत्तर मिलीप्रमाणे दहा जण होतात.

एकाहून जास्त बाटल्या असतील तर घरातल्या एकाला चाखण्यातून वगळा. त्याने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर क्रमांक टाकायचे. कमी साखरेची आधी, गुलाबी शेवटी. आणि कडक नियम एकच: प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठ्या भावाने एकदा "वा!" म्हटलं की धाकटे तेच लिहितात, हा सर्वत्रचा अनुभव.

डोळा, नाक, तोंड

डोळ्याचं काम दहा सेकंदांचं. पांढऱ्या कागदासमोर रंग बघा: फिकट पिवळसर म्हणजे तरुण, सोनेरीकडे झुकलेली म्हणजे गाळावर किंवा बाटलीत जास्त काळ राहिलेली, तपकिरी झाक म्हणजे काळजीचं कारण. गढूळपणा नको. बुडबुड्यांना गुण नाहीत, का ते वर आलंच आहे.

नाक खुपसू नका. ओतल्याबरोबर वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो, एकदम हुंगलं तर नाकाला झिणझिणी येते. ग्लास हनुवटीपाशी धरून हलके श्वास घ्या, मग थोडं जवळ. साध्या वाइनसारखा ग्लास गरगर फिरवायचा नाही, एखादा हलका फेरा पुरे. पहिल्यांदा फळाचा वास शोधा: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, नासपती. महाराष्ट्रातल्या बऱ्याच स्पार्कलिंग वाइन शेनिन ब्लां द्राक्षाच्या असतात, त्यांत पेरू आणि अननस येतात. मग यीस्टच्या गाळातून आलेले वास: ताजा पाव, बेकरीतली खारी, भाजलेले शेंगदाणे, लोणी. परदेशी पुस्तकांत इथे 'ब्रिओश' लिहितात. तो आपण खाल्लेला नाही, आपल्याला खारी-टोस्ट माहीत आहे, तेच लिहा. आणि दोष: तपकिरी पडलेलं सफरचंद म्हणजे हवा लागलेली, शिजलेला मुरांबा म्हणजे उन्हाने मारलेली, नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे जिवाणूंनी खाल्लेली. सडक्या अंड्याचा वास कधीकधी पाच मिनिटांत उडतो, तेव्हा थांबून पुन्हा बघा.

आता तोंड. पहिला घोट मोजायचा नाही. जिभेला थंडी आणि वायू यांची ओळख होऊ द्या. दुसरा घोट चमचा-दीड चमचा, तोंडात सगळीकडे फिरवा, आणि प्रश्न क्रमाने विचारा.

फेस तोंडात कसा वागतो? बारीक, मऊ, जिभेवर पसरणारा असेल तर चांगलं, सोड्यासारखा मोठा आणि टोचून लगेच विरणारा असेल तर कमी गुण. बुडबुड्यांना गुण द्यायचे तर इथे. गाळावर जास्त काळ राहिलेल्या वाइनचा फेस बहुधा मऊ असतो, कारण मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटून त्यातली प्रथिनं वाइनमध्ये उतरतात.

आंबटपणा किती आणि कसा? घोट गिळल्यावर तोंड किंचित उघडं ठेवा आणि गालाच्या आतून, जिभेच्या कडांना लाळ किती सुटते ते बघा. भरपूर आणि बराच वेळ सुटत राहिली तर आंबटपणा चांगला. टोचणं वेगळं: ते वायूचं असतं आणि दोन सेकंदांत जातं. या दोहोंची गल्लत सगळे करतात. इथे आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. उष्ण रात्रींत द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं, म्हणून स्पार्कलिंगसाठी द्राक्षं लवकर, साधारण १७ ते १९ ब्रिक्सला तोडतात. बेदाण्याचा बागायतदार तर बावीसच्या पुढे थांबतो. लवकर तोडली की आंबटपणा वाचतो, पण फार लवकर तोडली तर वास कच्चाच राहतो. चांगली देशी ब्रूट म्हणजे या दोहोंमधली अचूक तोडणी.

साखर दिसते का? गोड लागते का असं विचारू नका. मध्येच सगळं गुळगुळीत होऊन आंबटपणा गायब होतो का ते बघा. होत असेल तर पांघरूण आहे. शेवटी कडवटपणा उरतो का? हलका, लिंबाच्या सालीचा चालतो. जिभेच्या मागे ओरखडा काढणारा, तुरट कडूपणा बहुधा द्राक्षं जास्त दाबल्याचा. शॅम्पेनमध्ये ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस काढू देतात तो याचसाठी.

आणि शेवट. गिळा किंवा थुंका (थुंकायला भांडं ठेवाच, नाहीतर तिसऱ्या बाटलीपर्यंत सगळ्याच वाइन उत्तम लागतात) आणि मनात आकडे मोजा. चव पाचच्या आत संपली तर साधी. दहाच्या पुढे फळ किंवा खारीची चव टिकली आणि तोंडाला पाणी सुटतच राहिलं तर चांगली. हा माझा ढोबळ माप आहे, पण तो उपयोगी पडतो.

वायू गेल्यावर

ही पायरी सर्वांत जास्त शिकवते. प्रत्येक ग्लासात दोन घोट ठेवा आणि अर्धा-पाऊण तास सोडून द्या. वायू गेला, वाइन पंधरा-सोळा अंशांवर आली की पुन्हा चाखा. फेस आणि थंडी या दोन्हींनी जे झाकलं होतं ते सगळं उघडं पडतं: साखर, कडवटपणा, पातळपणा. चांगली स्पार्कलिंग फेस गेल्यावरही वाइन म्हणून उभी राहते, वाईट नुसतं साखरपाणी होते.

माझे एक मामा नान्नजकडचे, आयुष्य सोनाका द्राक्षांच्या बागेत गेलेलं. वाइन घेत नाहीत, पण त्यांना तो शिळा ग्लास हुंगायला दिला. त्यांनी हुंगला, टोक जिभेला लावलं, तोंड आंबवलं आणि म्हणाले, "अठराच्या वर जाऊच दिलं नाही की ओ ह्यानं. आंबट आहे, पण फळ पिकलेलं आहे." दुसऱ्या ग्लासाला म्हणाले, "हे कच्चंच तोडलं, मग साखर घातली." त्या बाटल्यांची नावं झाकलेलीच होती. आम्ही कागदावर अर्धं पान लिहून जिथे पोहोचलो होतो, तिथे ते दोन वाक्यांत पोहोचले.

गुण

मी २० पैकी देतो: आंबटपणाला ५, वासाला ४, तोलाला ४, शेवटाला ४, तोंडातल्या फेसाला ३, दिसण्याला शून्य. बाराच्या खाली गेलेली पुन्हा घेत नाही, पंधराच्या वरची भेट द्यायला ठेवतो. किंमत गुण देऊन झाल्यावरच बघायची. प्रत्येक वाइनसाठी दोन ओळी लिहा आणि त्यात 'छान', 'मस्त' हे शब्द वापरायला बंदी. 'आंबट चांगली पण शेवट तोकडा, पेरू, थोडी कडू' असं लिहिलं तर सहा महिन्यांनीही उपयोग होतो.

सोबत काय

चाखताना मध्ये तोंड साफ करायला साधी ज्वारीची कडक भाकरी, तुकडे करून, आणि पाणी. बाजारातल्या खारट बिस्किटांपेक्षा ती कितीतरी बरी. तीळ लावलेली मात्र नको.

शेंगाचटणी टेबलावर आणायची ती गुण देऊन झाल्यावर. लसूण आणि तिखट एकदा जिभेवर बसलं की पुढचा तासभर पारख बंद, आणि फेसाने तिखट आणखी झोंबतं. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ब्रूट द्यायचा हट्ट मी करणार नाही. तेलकट-खारट पदार्थांशी मात्र हिचं छान जमतं, कारण आंबटपणा आणि फेस तेल कापतात: कांदाभजी, उडदाचे तळलेले पापड, खारे शेंगदाणे, कमी तिखटाची तळलेली मासळी. शेंगापोळीबरोबर ब्रूट देऊ नका, पोळीच्या गोडीपुढे वाइन नुसती आंबट लागते. तिथे डेमी-सेक हवी.

बाटली उरली तर तिच्या तोंडात चमचा अडकवून ठेवायचा उपाय ऐकला असेल. त्याने काहीही होत नाही. जो काही वायू टिकतो तो फ्रिजच्या गारव्याने. स्पार्कलिंगसाठी मिळणारा पकडीचा स्टॉपर लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी बरीच ठीक असते. साधं बूच ठोकू नका, रात्री ते फ्रिजच्या आतच उडतं आणि सकाळी दुधाच्या पातेल्यात सापडतं.